फोन लागला, पण कुठल्या वाटेने? इंटरनेट टेलिफोनीत कॉल राउटिंगची चाचणी

प्रश्न थोडक्यात असा: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, चाटी गल्लीत विक्रीचं दुकान. दोन्हीकडचे मिळून तीसेक एक्स्टेंशन, सगळ्यांना मिळून एक अ‍ॅस्टेरिस्क सर्व्हर (संगणकावर चालणारं टेलिफोन एक्स्चेंज) आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या फोनलाइन. काही कॉल भलतीकडे जातात, काही मध्येच तुटतात. बसवून देणारा म्हणतो, "सगळे नंबर लावून बघितले, लागतायत." गिऱ्हाइकांना नवा नंबर देण्याआधी चाचणी नेमकी कशी घ्यायची?

"लागतायत" एवढ्यावर थांबू नका. राउटिंगच्या चाचणीत कॉल लावण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहायच्या असतात. कुठल्या एक्स्टेंशनवरून लावणार? कोणते आकडे दाबणार? नंबर कुठल्या ट्रंकवरून आणि कुठल्या रूपात बाहेर पडायला हवा? पलीकडून नकार आला तर पुढे काय व्हायला हवं? मग कॉल लावा आणि सीडीआरमधली, म्हणजे सर्व्हरच्या कॉल-नोंदवहीतली, नोंद कागदाशी ताडा. अपेक्षा आधी लिहिली नाही, तर जे घडलं तेच बरोबर वाटू लागतं. दुसऱ्या ट्रंकवरून गेलेला कॉलही कानाला तसाच ऐकू येतो, फरक महिनाअखेरीस बिलात दिसतो.

सुरुवात एकही कॉल न लावता करा. अ‍ॅस्टेरिस्कच्या कन्सोलवर 'डायलप्लॅन शो' (डायलप्लॅन म्हणजे राउटिंगच्या नियमांची यादी) ही आज्ञा, तिच्यापुढे नंबर, मग 'अ‍ॅट' चिन्ह आणि कॉन्टेक्स्टचं, म्हणजे नियमांच्या गटाचं, नाव दिलं, की त्या नंबराला कुठले नियम लागू पडतात ते क्रमाने दिसतं. यादीतला पहिला नियम चालणार. फाइलमध्ये वर लिहिलेला नियम आधी लागतो असा बऱ्याच जणांचा समज असतो, तो चूक आहे. एकाच कॉन्टेक्स्टमध्ये जास्त नेमका नियम जिंकतो, मग तो खाली लिहिलेला का असेना. पण कॉन्टेक्स्टचे स्वतःचे नियम 'इन्क्लूड' करून आणलेल्या नियमांच्या आधी तपासले जातात, आणि तिथे नेमकेपणा कामाला येत नाही. म्हणजे मुख्य कॉन्टेक्स्टमध्ये कुणी 'एक्स-टिंब', म्हणजे कुठल्याही आकड्याने सुरू होणारं काहीही, असा सरधोपट नियम टाकून ठेवला असेल आणि मोबाइल, एसटीडी, आणीबाणीचे नियम इन्क्लूडमध्ये असतील, तर सगळे कॉल त्या एकाच भोकातून जातील. "काही कॉल भलतीकडे जातात" याचं कारण निम्म्या वेळा इथेच सापडतं. तो नियम वेगळ्या कॉन्टेक्स्टमध्ये काढून सगळ्यात शेवटी इन्क्लूड करा. त्याहून बरं म्हणजे पूर्ण काढून टाका. नुसत्या टिंबाचा नियम तर ठेवूच नका. तो कॉल संपल्यावर चालणाऱ्या 'एच' एक्स्टेंशनलाही गिळतो.

आता सोलापूरचे आकडे. इथला एसटीडी कोड ०२१७ आणि पुढे सात आकडी नंबर, म्हणजे शून्य धरून एकूण अकरा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावावा लागतो, म्हणजे मोबाइलही शून्यासकट अकरा आकडी. लांबी सारखी असल्यामुळे नुसते आकडे मोजून दोघांत फरक करता येत नाही. मग लोक सोपा नियम लिहितात: शून्य, पुढे ६ ते ९ पैकी एक आकडा, पुढे कुठलेही नऊ आकडे, झाला मोबाइल. मुंबईला, पुण्याला, हैदराबादला हा नियम त्रास देत नाही, कारण ०२२, ०२० आणि ०४० त्यात बसत नाहीत. पण सोलापूरचा व्यापार कर्नाटकशी आहे. विजयपुराचा कोड ०८३५२, कलबुर्गीचा ०८४७२, बंगळूरचा ०८०. हे तिन्ही त्या मोबाइलच्या नियमात जाऊन बसतात. मोबाइलसाठी एक ट्रंक आणि लँडलाइनसाठी दुसरी ठेवली असेल, तर विजयपुरातल्या दुकानदाराच्या लँडलाइनला लावलेला कॉल मोबाइलच्या ट्रंकवरून जातो. या कोडांसाठी वेगळे, जास्त नेमके नियम लिहा आणि चाचणीच्या यादीत तिन्ही शहरांचा एकेक लँडलाइन नंबर ठेवा. त्याच वेळी ८० ने सुरू होणारा एखादा खराखुरा मोबाइलही ठेवा, म्हणजे बंगळूरसाठी केलेली दुरुस्ती मोबाइलच्या मुळावर आली नाही याची खात्री होईल.

एक्स्टेंशनचे नंबर अजून ठरायचे असतील तर १०० पासून सुरू करू नका. १०० पोलीस, १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, ११२ सगळ्यांसाठी. गोदामातल्या टेबलाला १०१ दिला, तर आग लागल्यावर दाबलेला १०१ गोदामातच वाजेल. २०० ची मालिकाही अडचणीची, कारण शहरातले जुने लँडलाइन नंबर २ ने सुरू होतात. अ‍ॅनालॉग फोन जोडणाऱ्या अडॅप्टरच्या डिजिट मॅपमध्ये "२ ने सुरू होणारे तीन आकडे आले की पाठव" असं लिहिलेलं असलं, तर सात आकडी नंबर तिसऱ्या आकड्यालाच तुटतो. ६ ते ९ मोबाइलवाल्यांचे, ३ आणि ४ खाली येणाऱ्या आयव्हीआरच्या ('अमुक दाबा' सांगणाऱ्या यांत्रिक आवाजाच्या) मेनूचे. राहता राहिले ५०१ ते ५३०. तेच घ्या, पुढे आयव्हीआरमध्येही त्यांचा फायदा होतो.

आणीबाणीच्या नंबरांवर खरे कॉल लावून चाचणी करू नका. कन्सोलवर नियम पाहा, आणि खाली सांगितलेल्या खोट्या ऑपरेटरवर ते कॉल कुठल्या रूपात पोचतात ते तपासा. ११२ च्या आधी आपोआप ०२१७ चिकटत नाही ना, एवढं जरूर बघा, हा घोळ फार ठिकाणी असतो. ट्रंकवरचा नंबर दुसऱ्या शहराचा असेल तर १०० आणि १०१ कुठे वाजतील, हे ट्रंक देणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या.

खोटा ऑपरेटर म्हणजे दुसरं काही नाही, जुन्या संगणकावर किंवा व्हर्च्युअल मशिनवर बसवलेला आणखी एक अ‍ॅस्टेरिस्क. मुख्य सर्व्हरची ट्रंक चाचणीपुरती त्याच्याकडे वळवायची. त्याच्या डायलप्लॅनमध्ये एक युक्ती करा: आलेल्या नंबराचे शेवटचे दोन आकडे जे असतील, त्या कारणाने कॉल नाकारायचा. शेवट १७ असेल तर 'हँगअप' या कॉल तोडायच्या आज्ञेला १७ द्या, मुख्य सर्व्हरला ४८६ म्हणजे 'बिझी' मिळेल. ०१ ला ४०४, म्हणजे असा नंबरच नाही. २१ ला ४०३, म्हणजे परवानगी नाही. ३४ ला ५०३, म्हणजे लाइन मोकळी नाही. बाकी सगळ्यांना उचलून ध्वनिमुद्रण ऐकवा. खऱ्या कंपनीकडून हवा तेव्हा हवा तो नकार मागून घेता येत नाही, इथे तो मिनिटभरात मिळतो. शिवाय बिल शून्य, आणि रात्री दोन वाजता शंभर कॉल लावले तरी कुणाची झोपमोड नाही.

या नकारांवरच दुसऱ्या ट्रंकचा निर्णय ठरतो, म्हणून इथे घाई करू नका. ५०३ आला तर दुसऱ्या ट्रंकवरून प्रयत्न करणं योग्य. ४८६ आला तर नाही. समोरचा माणूस फोनवर बोलतोय, दुसऱ्या वाटेने गेलात तरी तो बोलतच असणार. ४०४ लाही नाही. पण कॉलचा निकाल सांगणाऱ्या 'डायलस्टेटस' या एका चलावर भिस्त ठेवली तर फसगत होते, कारण चुकीचा नंबर आणि बंद पडलेली ट्रंक हे दोन्ही 'चॅन-अनअव्हेल' या एकाच शेऱ्याखाली येऊ शकतात. सोबत 'हँगअप-कॉज' चा आकडाही तपासा. तो १ किंवा २८ असेल तर नंबरातच चूक आहे, तिथेच थांबून चुकीच्या नंबराची सूचना ऐकवा.

४०३ ची गंमत वेगळी. पहिली ट्रंक पडली, कॉल दुसरीवर गेला, आणि तिथून ४०३ आला. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: दुसऱ्या ट्रंकवरही पहिल्या कंपनीचाच नंबर कॉलर आयडी म्हणून जातोय. स्वतः न दिलेला नंबर कंपनी पुढे जाऊ देत नाही. ट्रंक बदलली की कॉलर आयडी बदलायलाच हवा, 'फ्रॉम' हेडरमध्येही आणि 'पी-असर्टेड-आयडेंटिटी' मध्येही. त्यामुळे चाचणीच्या कागदावर "दुसऱ्या ट्रंकवरून लागला" एवढंच लिहू नका, समोरच्या मोबाइलवर कोणता नंबर दिसला तेही लिहा. आणि त्या दिसलेल्या नंबरावर परत कॉल करून बघा. गिऱ्हाईक मिस्ड कॉल पाहून परत लावतंच, आणि दुसऱ्या ट्रंकच्या नंबराला येणाऱ्या कॉलचा नियमच लिहायचा राहिलेला असतो.

ट्रंक पाडून बघताना ती दोन तऱ्हांनी पाडा. फायरवॉलमध्ये 'रिजेक्ट' लावलं तर नकार लगेच कळू शकतो. 'ड्रॉप' लावलं तर काहीच कळत नाही, आणि खरी लाइन तुटते तेव्हा बहुधा असंच होतं. उत्तर आलं नाही तर यूडीपीवरचा इन्व्हाइट, म्हणजे कॉल सुरू करणारा संदेश, अर्ध्या सेकंदाने पुन्हा जातो, मग एका, दोन, चार अशा दुप्पट होत जाणाऱ्या अंतराने. एकूण सात वेळा जातो आणि ३२ सेकंदांनी सिप हात टेकते. तेवढा वेळ तुमचा माणूस कानाला रिसीव्हर लावून शांतता ऐकत बसतो, आणि बहुतेक तो दहाव्या सेकंदाला ठेवून देतो. म्हणजे दुसरी ट्रंक असून नसल्यासारखी. उपाय म्हणजे ट्रंकवर 'क्वालिफाय' चालू करणं: ठरावीक अंतराने ऑप्शन्स संदेश पाठवून पलीकडचा जिवंत आहे का ते पाहायचं. अंतर ३० सेकंद ठेवलं आणि उत्तराची मुदत ३ सेकंद, तर बिघाड साधारण अर्ध्या मिनिटात लक्षात येतो आणि नंतरचे कॉल थेट दुसरीकडे जायला हवेत. घड्याळ लावून मोजा: ड्रॉप लावल्यावर पहिल्या मिनिटातला कॉल किती सेकंदांनी लागला, दुसऱ्या मिनिटातला किती. एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. ऑप्शन्सला उत्तर कंपनीच्या दाराशी बसलेलं यंत्र देतं. आतलं जाळं बंद असलं तरी ते "मी आहे" असंच सांगतं. त्यामुळे क्वालिफाय असलं तरी ५०३ चा नियम लागतोच.

दोन ट्रंक दोन वेगळ्या ब्रॉडबँडवर असतील तर आणखी एक सापळा आहे. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा आयपी पत्ता पहिल्या ब्रॉडबँडचा लिहिलेला असतो. दुसऱ्या लाइनवरून कॉल गेला तरी एसडीपीमध्ये (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या मजकुरात) तोच पत्ता जातो, आणि पलीकडचा आवाज बंद पडलेल्या लाइनकडे पाठवत राहतो. तुमचं त्याला ऐकू जातं, त्याचं तुम्हाला नाही. प्रत्येक लाइनसाठी वेगळा ट्रान्सपोर्ट, त्याचा स्वतःचा बाहेरचा पत्ता, असं केलं की सुटतं. कॉल लागल्यावर निदान वीस सेकंद दोन्ही बाजूंनी बोलून पाहायचं ते यासाठी.

काही चाचण्या मात्र सेकंदांत होत नाहीत. प्रत्येक ट्रंकवर, येणारा आणि जाणारा, असे दोन्ही कॉल एकदा ४० सेकंद आणि एकदा ३५ मिनिटं चालू ठेवा. बरोबर ३२ सेकंदांनी तुटला तर २०० ओके ला दिलेली पोच म्हणजे अ‍ॅक परत पोचत नाही. 'कॉन्टॅक्ट' हेडरमध्ये आतला १९२.१६८ चा पत्ता गेलाय का ते पाहा, आणि राउटरमधलं सिप एएलजी (सिप संदेशांत परस्पर फेरफार करणारी सोय) बंद करा. १५ मिनिटांच्या किंवा अर्ध्या तासाच्या आसपास तुटला तर सेशन टायमरचं (कॉल अजून चालू आहे ना, हे ठरावीक वेळाने तपासणाऱ्या घड्याळाचं) नूतनीकरण अडतंय. त्याची नेहमीची मुदत १८०० सेकंद, नूतनीकरण अर्ध्यावर म्हणजे ९०० व्या सेकंदाला. हे कॉल कुणी खुर्चीत बसून धरायची गरज नाही, एका बाजूला प्रतीक्षेचं संगीत लावून सोडून द्या आणि सीडीआरमधला कालावधी नंतर वाचा.

येणाऱ्या कॉलचा पहिला घोळ नंबराच्या रूपाचा. तोच नंबर एक कंपनी अधिक चिन्हासकट ९१२१७ ने सुरू करून पाठवते, दुसरी ०२१७ ने, तिसरी शून्य गाळून. सर्व्हरच्या सिप भागाचा, म्हणजे 'पीजेसिप' चा, लॉगर चालू करा किंवा सिप संदेश दाखवणारं 'एसएनग्रेप' उघडा आणि इन्व्हाइटच्या पहिल्या ओळीत काय आलंय ते डोळ्यांनी वाचा. काही कंपन्या पहिल्या ओळीत ट्रंकचा मुख्य नंबर आणि खरा डायल केलेला नंबर 'टू' हेडरमध्ये देतात. मग कारखान्याचा नंबर फिरवा नाही तर दुकानाचा, दोन्ही एकाच टेबलावर वाजतात. सगळी रूपं आत शिरताच एका साच्यात आणा आणि पुढचे नियम त्या एकाच साच्यावर लिहा.

आयव्हीआर सोलापुरात बहुधा एका भाषेत भागत नाही. मराठीसाठी १, तेलुगूसाठी २, कन्नडसाठी ३, हिंदीसाठी ४ असा मेनू असेल तर चारही फांद्या शेवटपर्यंत जाऊन ऐका, एक ऐकून बाकीच्या तशाच असतील असं धरू नका. फांद्या कॉपी करून केलेल्या असतात आणि कन्नडच्या फांदीतला तिसरा पर्याय तेलुगूच्या रांगेत टाकणारी एखादी ओळ तशीच राहते. एक्स्टेंशन ५०० च्या मालिकेत असल्याचा फायदा इथे दिसतो. ते २०० चे असते, तर २ दाबल्यावर यंत्र पुढचे आकडे येतायत का म्हणून पाच सेकंद थांबलं असतं. सूचना चालू असतानाच आकडा दाबून पाहा. 'प्लेबॅक' ने वाजवलेली सूचना आकडे घेत नाही, 'बॅकग्राउंड' ने वाजवलेली घेते. एकदा दाबलेला १ लॉगमध्ये ११ दिसला, तर तोच सूर आवाजातूनही येतोय आणि आरएफसी ४७३३ च्या (दाबलेले आकडे आवाजापासून वेगळे पाठवायच्या पद्धतीच्या) स्वतंत्र पाकिटांतूनही. दोन्ही बाजूंनी ४७३३ ठेवा. ही चाचणी किमान दोन वेगळ्या कंपन्यांच्या मोबाइलवरून आणि एका लँडलाइनवरून करा.

वेळेचे नियम तपासायला संध्याकाळपर्यंत थांबावं लागत नाही. अ‍ॅस्टेरिस्कमध्ये 'टेस्टटाइम' नावाचं फंक्शन आहे. त्यात तारीख आणि वेळ भरली की त्या कॉलपुरता सर्व्हर तीच वेळ धरून चालतो. सकाळी ९:५९, १०:०१, दुपारची जेवणाची सुटी, ६:५९, ७:०१, रविवार, असे काठावरचे क्षण निवडा. त्याआधी सर्व्हरचा टाइमझोन पाहा. भाड्याचा क्लाउड सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो. त्यावर १० ते ७ असं लिहिलं तर दुकान दुपारी साडेतीनला उघडतं आणि रात्री साडेबाराला बंद होतं. सुट्ट्यांचं म्हणाल, तर आषाढी नि दिवाळी तिथीने येतात, तारखेवर बांधलेला नियम पुढच्या वर्षी चुकणारच. गड्डा यात्रेच्या दिवसांत दुकानाची वेळही बदलते. म्हणून हाताने उघडबंद करायचा एक कोड ठेवा (अ‍ॅस्टेरिस्कवर बसणाऱ्या फ्रीपीबीएक्स या प्रणालीत तो ताराचिन्ह-२८ ने सुरू होतो) आणि तो दाबल्यावर कॉल खरंच वळतो का, सर्व्हर पुन्हा चालू केल्यावर तीच स्थिती राहते का, हे दोन्ही बघा.

क्षमता: ट्रंकवर दहा चॅनेल घेतले असतील तर अकरावा कॉल मुद्दाम लावा. काही कंपन्या चॅनेल भरल्यावर ५०३ देतात, काही ४८६. दुसऱ्या तऱ्हेत तुमच्या माणसाला वाटतं गिऱ्हाईक बोलतंय, आणि दुसरी ट्रंक मोकळी असून वापरली जात नाही. अशा ट्रंकवर चालू कॉल आपणच 'ग्रुप-काउंट' ने मोजून अकरावा परस्पर दुसरीकडे वळवावा. दहा कॉलांना जी-७११ या आवाजाच्या कोडेकवर दोन्ही दिशांना प्रत्येकी सुमारे ०.९ एमबीपीएस लागतात, तेव्हा अपलोडचा वेग पाहा. ओझं टाकून पाहायला चाचणीचे कॉल आपोआप लावणारं 'सिपपी' वापरा, पण त्याचा मूळ वेग सेकंदाला १० कॉल असतो. तो १ वर आणा, एका वेळचे कॉल १२ वर बांधा, आणि रोख खोट्या ऑपरेटरकडेच ठेवा. कंपनीच्या चालू ट्रंकवर सोडलात तर ते हल्ला समजून ट्रंक बंद करतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

शेवटची चाचणी चोराच्या बाजूने घ्यायची. बाहेरून मोबाइलवरून आयव्हीआरमध्ये शिरा आणि ०० ने सुरू होणारा परदेशी नंबर दाबून बघा. येणाऱ्या कॉलचा कॉन्टेक्स्ट बाहेर जाणाऱ्याला इन्क्लूड करत असेल, तर तो लागेल आणि बिल तुमचं. मग तोच मोबाइल ऑपरेटरशी जोडून घ्या आणि बाहेरून ट्रान्सफरचा कोड दाबा. 'डायल' या आज्ञेमधला छोटा 'टी' ज्याला कॉल लागला त्याला ट्रान्सफरचा हक्क देतो, मोठा 'टी' ज्याने लावला त्याला. म्हणून येणाऱ्या कॉलवर फक्त छोटा, जाणाऱ्यावर फक्त मोठा. दोन्ही सरसकट लावून ठेवले असतील तर बाहेरचा माणूस तुमच्या ट्रंकवरून कुठेही जाऊ शकतो. इंटरनेटवरून आलेला परदेशी कॉल आपल्या स्थानिक लाइनवर उतरवून देणं हा तर कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तशी वाट चुकूनही उघडी राहिलेली नसावी.

हे सगळं मिळून साठ-सत्तर ओळींची यादी होते. खोट्या ऑपरेटरवरचा भाग कॉल फाइलने (कोणता कॉल लावायचा ते लिहिलेल्या फाइलने) आपोआप चालवता येतो: फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये पूर्ण लिहा आणि मग 'आउटगोइंग' फोल्डरमध्ये हलवा. थेट तिथेच लिहायला घेतलीत तर अ‍ॅस्टेरिस्क ती अर्धवट असतानाच उचलतो. सीडीआरमधून ट्रंकचं चॅनेल, 'डिस्पोझिशन' (कॉलचा निकाल) आणि सेकंद काढून अपेक्षेच्या यादीशी जुळवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, की डायलप्लॅनमध्ये एक ओळ बदलली तरी पूर्ण यादी पुन्हा चालवता येते. हाताने करायच्या उरतात त्या पंधरा-वीस: आवाज, दिसणारा नंबर, परतीचा कॉल, आयव्हीआरच्या चार भाषा. त्या दुकान उघडायच्या आधी, दोन माणसांनी, एकाने चाटी गल्लीत आणि एकाने कारखान्यात बसून कराव्यात.